ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून टकटक: इंजिन उघडण्याआधी काय काय तपासावं

तुमचा प्रश्न मला असा समजला. पेट्रोल गाडी आहे, चार सिलिंडरचं साधं, टर्बो नसलेलं इंजिन, गिअर हाताने बदलायचे, आणि गाडी बरीच वर्षं चाललेली. न्यूट्रलमध्ये उभी असताना आवाज नसतो. चढावर किंवा ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर दाबला की पुढून टकटक सुरू होते, पाय उचलला की थांबते. एकाने टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) सांगितलं, दुसरा म्हणाला इंजिन उतरवावं लागेल, तिसऱ्याने पेट्रोलमध्ये ओतायची बाटली हातात दिली. यातलं खरं काय आणि तोवर गाडी चालवावी का, हे तुम्हाला हवं आहे.

गाडी समोर नसताना खात्रीचं निदान कोणीच करू शकत नाही, मीही नाही. जोर लावताना ठोकल्यासारखा आवाज देणाऱ्या निदान सात-आठ गोष्टी आहेत. त्यांतली एखादी नटबोल्ट आवळून सुटते, तर एखादी दुर्लक्ष केल्यास इंजिन संपवते. पण तुम्ही दिलेल्या माहितीत एक फार मोलाची गोष्ट आहे: आवाज भार आला की येतो आणि भार गेला की जातो. एवढ्यावरून शक्यतांची यादी बरीच आखूड होते.

आवाज कसा आहे, यावर मी फारसा विसंबत नाही. ज्याला एक माणूस टकटक म्हणतो त्याला दुसरा खडखड म्हणतो. मी विचारतो की आवाज कशाबरोबर बदलतो. इंजिनावरच्या भाराबरोबर, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, चाकांच्या वेगाबरोबर, की इंजिन गरम होण्याबरोबर? ही चार उत्तरं मिळाली की अर्धं काम झालेलं असतं, आणि त्यासाठी एकही बोल्ट खोलावा लागत नाही.

पण सगळ्यात आधी इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून ऑइलची पट्टी बघा. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल, ऑइलचा दिवा क्षणभरही लुकलुकला असेल, किंवा आवाज खोल, जड, हातोड्याच्या ठोक्यासारखा असेल आणि न्यूट्रलमध्ये इंजिन फिरवल्यावरही येत असेल, तर पुढच्या चाचण्या करू नका. गाडी बंद करा आणि ओढून न्या. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, पण ही खात्री आधी करून घ्यायची.

आता रस्त्यावर जाऊन करायची चाचणी. मोकळा, हलका चढ निवडा आणि इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. ताशी ४० किलोमीटरच्या आसपास चौथ्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर बऱ्यापैकी दाबा आणि ऐका. मग त्याच वेगाला तिसरा गिअर टाका, जमलं तर दुसरा, आणि पुन्हा तेवढाच जोर मागा. खालच्या गिअरमध्ये आवाज गेला किंवा अगदी कमी झाला, तर बोट सिलिंडरच्या आतल्या ज्वलनाकडे जातं. गाडीचा वेग तोच असताना गिअरबरोबर ठोक्यांची लय बदलली, पण आवाज गेला नाही, तर दोष इंजिनात किंवा इंजिनाबरोबर फिरणाऱ्या भागात आहे. गिअर कोणताही असो, लय फक्त गाडीच्या वेगानुसार चालत असेल, तर इंजिन सोडा आणि ड्राइव्ह शाफ्ट (चाकं फिरवणारा दांडा), चाकं यांच्याकडे वळा.

दुसरी चाचणी उभ्या गाडीत. न्यूट्रलमध्ये इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या आसपास स्थिर धरा आणि पाय हळूहळू उचला. ज्वलनाचा आवाज इथे येणारच नाही, कारण इंजिनावर भार नाही. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग झिजलं असेल तर नेमका याच वेळी, फेऱ्या उतरताना, ठोका ऐकू येतो. टॅपेटचं म्हणाल तर त्याला भाराशी फार देणंघेणं नसतं. त्याची टिकटिक उभ्या गाडीतही ऐकू येते आणि क्रँकच्या निम्म्या गतीने चालते, कारण व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट निम्म्या गतीने फिरतो. तुमची गाडी न्यूट्रलमध्ये गप्प आहे, म्हणून टॅपेटवर मी शेवटी येईन.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय ज्वलनावर आहे. त्याला आम्ही पिंगिंग किंवा नॉक म्हणतो. पत्र्याच्या डब्यात बारीक खडे हलवावेत तसा तो आवाज असतो. आत काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढची तपासणी का करायची ते आपोआप कळेल. प्लगची ठिणगी पडते, तिथून ज्योत पसरत जाते, आणि पुढे ढकलल्या जाणाऱ्या न जळलेल्या मिश्रणावर दाब आणि उष्णता वाढत जाते. सगळं ठीक असेल तर ज्योत तिथे वेळेत पोचते आणि ते मिश्रण नीट जळतं. ठीक नसेल तर कोपऱ्यातलं मिश्रण ज्योतीची वाट न बघता एकदम पेटतं. त्या धक्क्याने दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहतात. ८० ते ९० मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) इंजिनात ही कंपनं साधारण ६ ते ७ हजार हर्ट्झची असतात, म्हणून आवाज बेअरिंगच्या ठोक्यासारखा जड न वाटता किणकिणणारा, धातूचा वाटतो. ब्लॉकला लावलेला नॉक सेन्सर हीच कंपनं टिपतो, आणि इंजिनाचा संगणक ठिणगी थोडी उशिरा टाकून ती थांबवायचा प्रयत्न करतो.

भार आला की पिंगिंग का येतं, हेही यातूनच स्पष्ट होतं. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, दाब आणि तापमान वाढतं. त्यातच फेऱ्या कमी असतील तर कोपऱ्यातल्या मिश्रणाला पेटायला वेळही जास्त मिळतो. म्हणून वरचा गिअर, कमी फेऱ्या आणि पूर्ण दाबलेला ॲक्सिलरेटर हे सगळ्यात वाईट. खालचा गिअर टाकल्यावर आवाज जातो तो यामुळेच.

पेट्रोलच्या ऑक्टेनबद्दल बराच गैरसमज आहे, म्हणून थोडं थांबतो. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे. दाब आणि उष्णतेखाली आपोआप पेटायला ते किती विरोध करतं, त्याचं ते माप आहे. या मोजपट्टीवर आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० धरलेलं आहे. गाडीच्या पुस्तिकेत किमान किती ऑक्टेन हवं ते लिहिलेलं असतं. तेवढं मिळत असेल तर त्याहून महाग पेट्रोल भरून निरोगी साध्या इंजिनाला फारसा फायदा होत नाही.

पण तपासणीसाठी मात्र जास्त ऑक्टेनचं पेट्रोल फार उपयोगी पडतं. टाकी जवळजवळ रिकामी झाली की एक पायरी वरचं पेट्रोल भरा आणि तोच चढ, तोच गिअर, तोच जोर लावून बघा. आवाज गेला तर तो ज्वलनाचाच होता हे जवळपास सिद्ध झालं. बरेच जण इथेच थांबतात, आणि ते मला पटत नाही. हेच इंजिन पूर्वी साध्या पेट्रोलवर बिनतक्रार चालत होतं ना? मग आता काहीतरी बदललं आहे. ते शोधायचं सोडून कायम महाग पेट्रोल भरणं म्हणजे दोष झाकून ठेवणं. बदललंच नसेल आणि शेवटच्या भरण्यापासूनच आवाज सुरू झाला असेल, तर तेवढं पेट्रोल खराब असण्याची शक्यता आहे. ती टाकी हलक्या पायाने संपवा आणि दुसरीकडे भरा.

काय बदललं असेल? मी सुरुवात उष्णतेपासून करतो. कूलंटची पातळी, थर्मोस्टॅट, पंखा वेळेवर सुरू होतो का, रेडिएटरच्या जाळीत कचरा बसला आहे का. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा यासाठी पुरेसा नाही, कारण बऱ्याच गाड्यांत तो मधल्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. स्कॅनर (इंजिनाच्या संगणकातले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून खरा आकडा बघा. एअर फिल्टरकडे थंड हवा आणणारा पाइप निसटलेला असेल, तर इंजिन बॉनेटखालची गरम हवा ओढतं आणि तेवढंही पिंगिंगला पुरतं. ही गोष्ट पुष्कळदा नजरेतून सुटते.

मग मिश्रण. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं की ज्वलन गरम होतं. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, बघा. शून्याच्या आसपास पाच टक्के इकडेतिकडे ठीक. सतत १० टक्क्यांच्या वर असेल तर संगणक कुठलीतरी कमतरता भरून काढतो आहे. हा आकडा आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तेव्हा) जास्त असून फेऱ्या वाढवल्यावर खाली येत असेल, तर सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा तडकलेल्या व्हॅक्यूम नळीतून जादा हवा शिरते आहे. उलट, भाराबरोबर आकडा वाढत गेला तर फ्युएल फिल्टर, पंप, इंजेक्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर. पी०१७१ हा कोड आला असेल तर तो पेट्रोल कमी पडण्याकडेच बोट दाखवतो. ही तपासणी गाडी चालत असताना करायची, म्हणून एकाने चालवावी आणि शेजारी बसणाऱ्याने आकडे बघावेत.

जळालेल्या वायूचा थोडा भाग परत आत सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह तुमच्या इंजिनात असेल, तर त्याचे मार्ग काजळीने बुजलेले नाहीत ना, तेही बघा. तो वायू ज्वलन थंड ठेवतो. तो येणं थांबलं की मध्यम जोरातही, सरळ रस्त्यावरही किणकिण ऐकू येऊ लागते. पी०४०१ हा कोड बहुधा यासाठीच येतो.

बरीच चाललेल्या, त्यातही छोट्या फेऱ्यांत वापरलेल्या गाडीत माझा मोठा संशय कार्बनवर असतो. पिस्टनच्या डोक्यावर आणि ज्वलनाच्या चेंबरमध्ये थर साचला की दोन गोष्टी होतात: जागा कमी होऊन काँप्रेशन (मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण) वाढतं आणि तो थर उष्णता धरून ठेवतो. प्लगच्या भोकातून बोरस्कोप (बारीक नळीच्या टोकाचा कॅमेरा) घालून हे डोळ्यांनी बघता येतं. काँप्रेशन टेस्टमध्ये पुस्तिकेपेक्षा जास्त आकडा आला तर तोही पुरावाच. मात्र कार्बन आला कुठून ते विचारा. इंजिन ऑइल जाळत असेल किंवा इंजिनातल्या वाफा इनटेकमध्ये सोडणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हमधून ऑइल इनटेकमध्ये ओढलं जात असेल, तर साफ केलेला चेंबर पुन्हा भरणार.

त्या बाटलीचा प्रश्न इथे येतो. तिच्यात पॉलिइथरअमाइन प्रकारचं क्लीनर पुरेशा प्रमाणात असेल, तर इंजेक्टर आणि चेंबरमधला थर एक-दोन टाक्यांत कमी होऊ शकतो. सांगितलेल्या प्रमाणातच टाका, आणि शक्यतो ऑइल बदलायची वेळ जवळ आली असताना वापरा, कारण सुटलेली घाण थोडीफार ऑइलमध्येही उतरते. मात्र ती बाटली झिजलेलं बेअरिंग भरून काढत नाही. आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात ती इनटेक व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही, कारण तिथून पेट्रोल जात नाही.

प्लग काढाल तेव्हा ते नुसते पुसून परत लावू नका. चारही प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडा आणि भिंगाखाली बघा. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे किंवा चकचकीत ठिपके दिसले तर पिंगिंग खरं आहे आणि जोरातही आहे. चकचकीत ठिपके हे पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं. एकाच प्लगवर असं दिसलं तर दोष त्या एका सिलिंडरचा, उदाहरणार्थ त्याचा इंजेक्टर. चारही प्लगवर दिसलं तर कारण सगळ्यांना लागू असलेलं. प्लगचा नंबर पुस्तिकेशी जुळतो का तेही बघा. गरजेपेक्षा गरम प्रकृतीचा प्लग स्वतःच तापून निखारा बनतो आणि ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवतो. हे पिंगिंगपेक्षाही घातक, पिस्टनला भोक पाडणारं.

टायमिंगचं, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते त्याचं, पाहता, जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत ते टायमिंग लाइटने तपासून जागेवर आणता येतं. नव्या गाड्यांत ते संगणकाच्या हातात असतं, त्यामुळे नॉक सेन्सर तपासावा लागतो. तो सैल असला किंवा बसण्याची जागा गंजली असली तर त्याला ऐकू येत नाही. तो ठरलेल्या टॉर्कलाच आवळायचा, बऱ्याच गाड्यांत २० न्यूटन मीटरच्या आसपास. अंदाजाने करकचून आवळलेला सेन्सरही नीट काम करत नाही. पी०३२५ सारखा कोड आला तर सेन्सर बदलण्याआधी त्याची वायर आणि कनेक्टर तपासा.

इथवरचं थोडक्यात: खालच्या गिअरमध्ये आवाज जातो, न्यूट्रलमध्ये येत नाही, वरच्या ऑक्टेनवर कमी होतो, असं तिन्ही जुळलं तर उष्णता, मिश्रण, ईजीआर, कार्बन, प्लग, टायमिंग या क्रमाने जा. यांतल्या कशासाठीही इंजिन खाली उतरवावं लागत नाही.

आता बेअरिंग. आवाज खोल असेल, इंजिन गरम झाल्यावर ऑइल पातळ होताच वाढत असेल, पाय उचलतानाही येत असेल, तर ही शक्यता गंभीरपणे घ्या. इंजिन चालू असताना एकेका इंजेक्टरचा कनेक्टर थोडा वेळ काढून बघतात. ज्या सिलिंडरचं ज्वलन बंद केल्यावर ठोका मऊ होतो, तिथला रॉड संशयित. इग्निशन कॉइलऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा, नाहीतर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तो तापवतं. त्याबरोबर ऑइलचा खरा दाब मोजा. इंजिनावरच्या, दिवा लावणाऱ्या स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावा आणि गरम इंजिनावर आयडलचा व २००० ते ३००० फेऱ्यांचा आकडा पुस्तिकेशी ताडून बघा. ऑइलचा दिवा दाब अगदीच कोसळल्यावर, बहुतेक गाड्यांत अर्ध्या बारच्या आसपास आल्यावर, लागतो. म्हणून दिवा लागला नाही म्हणजे दाब बरोबर, असं नाही. शेवटी ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा. बेअरिंगच्या थरातले तांबूस किंवा चंदेरी कण दिसले तर उत्तर मिळालं.

बेअरिंग लवकर सापडलं आणि क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावर) ओरखडे नसतील, तर काही इंजिनांत खालचं ऑइल चेंबर काढून खालूनच बेअरिंग बदलता येतात. जर्नल खराब असेल तर क्रँक काढून ग्राइंड करावा लागतो. घट्ट ऑइल भरून आवाज दाबायचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. ठोका थोडे दिवस मऊ होतो, झीज चालूच राहते, आणि एखाद्या दिवशी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

राहिलेल्या कारणांवर पटकन नजर टाकतो, कारण ती स्वस्तात सुटतात आणि तपासायला सोपी आहेत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं असेल तर जोर लावताना टिकटिक येते, थंड इंजिनावर जास्त, गरम झाल्यावर धातू फुगून कमी, आणि गळतीच्या जागी काजळी दिसते. इंजिनाला धरून ठेवणारं माउंटिंग तुटलं असेल तर ठोक्यांची मालिका येत नाही, जोर लावताना एक धप्प आणि पाय उचलताना एक धप्प. चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मचा रबरी बुश गेला असेल तर असाच ठोका ब्रेक दाबतानाही येतो. वळताना कटकट असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाकाजवळचा वळणारा सांधा). सैल हीट शील्ड (सायलेन्सरच्या पाइपची उष्णता अडवणारा पत्रा) ठरावीक फेऱ्यांना खणखणते. इंजिन थंड आणि बंद असताना सायलेन्सरच्या पाइपवर रबरी हातोडीने हलकं ठोकलं की ती लगेच सापडते.

टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या इंजिनाच्या मालकांसाठी एक वेगळी सूचना. तिथे कमी फेऱ्यांवर जोर लावताना अधूनमधून एखाददुसरा मोठा धमाका ऐकू आला, तर ते साधं पिंगिंग नसून वेळेआधी पेटणं असू शकतं, आणि त्याने पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. ऑइलमधल्या घटकांचाही त्यात हात असतो. २०२० मध्ये आलेलं ऑइलचं एपीआय एसपी मानक ते लक्षात घेऊनच केलेलं आहे. अशा गाडीत पुस्तिकेतल्या दर्जाच्या ऑइलशी तडजोड करू नका. आणि डिझेल गाडीला वरचं ज्वलनाचं विवेचन लावू नका. तिथे तपासणी इंजेक्टरपासून सुरू होते.

दुरुस्तीला जाल तेव्हा इंजिन उघडण्याची परवानगी देण्याआधी एवढं मागा: गाडी चालवताना घेतलेले कूलंटचं तापमान, फ्युएल ट्रिम आणि नॉकमुळे ठिणगी किती मागे घेतली (उशिरा टाकली) जाते त्याचे आकडे, प्लग बघायला, काँप्रेशनचे चारही आकडे, आणि गरम इंजिनावरचा ऑइलचा दाब. हे न मोजता कोणी इंजिन खोलायला निघालं तर दुसरं मत घ्या. मोजून झाल्यावर कोणी खोलायला सांगितलं, तर त्याचं ऐका.

तोवर गाडी चालवायची का? ऑइलचा दाब ठीक असेल आणि आवाज हलका, फक्त चढावर येणारा असेल, तर काळजीपूर्वक चालवता येईल. चढ सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, फेऱ्या २५०० च्या आसपास राहू द्या, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका, गाडी सामानाने ठासून भरू नका. किणकिण सपाट रस्त्यावरही येऊ लागली किंवा ताकद कमी झाली, तर थांबा. जोरदार पिंगिंग पिस्टनच्या कडा तोडतं, हेड गॅस्केट घालवतं आणि रॉडच्या बेअरिंगवरही घाव घालतं.

काम झाल्यावर ते खरंच झालं का हे गॅरेजच्या दारात कळणार नाही. बॅटरी काढली असेल किंवा संगणक रीसेट केला असेल, तर त्याने जुळवलेले आकडे पुसले जातात आणि नव्याने जुळायला काही फेऱ्या लागतात. तेवढी चालवा, इंजिन पूर्ण गरम करा, टाकीत पुस्तिकेत सांगितलेलं साधंच पेट्रोल ठेवा, आणि त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, तेवढाच जोर लावून ऐका. शेजारी कोणी स्कॅनर घेऊन बसलं तर ठिणगी मागे घेण्याचा आकडा आधीच्या आकड्याशी ताडून बघा. कान चुकला तरी तो आकडा सांगेल.